इंग्रजीतलं ‘फ्रेंच’: शब्द कुठला, वस्तू कुठली

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रेंच टोस्ट, फ्रेंच फ्राइज, फ्रेंच लीव्ह, फ्रेंच ड्रेन, फ्रेंच पॉलिश, फ्रेंच किस. इंग्रजीत डझनावारी गोष्टींच्या मागे ‘फ्रेंच’ लागतं. त्यांत खरोखर फ्रान्सचं किती, मूळ शब्द कुठला, आणि मराठीत आणताना ‘फ्रेंच’ ठेवायचं की काढायचं?

आधी एक खूण सांगतो, ती पुढे सगळीकडे उपयोगी पडेल. इंग्रज ज्या वस्तूला फ्रेंच म्हणतो, तिला खुद्द फ्रान्समध्ये सहसा फ्रेंच म्हणत नाहीत. कधी तिला साधं वर्णनात्मक नाव असतं, तर कधी चक्क ‘इंग्रजी’ म्हणतात. त्यामुळे हे विशेषण वस्तूचा जन्मदाखला म्हणून वाचायचं नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना ती वस्तू कशी वाटली, एवढंच बहुतेक वेळा ते सांगतं.

आता मूळ. हा शब्द इंग्रजीने फ्रेंचांकडून घेतलेलाच नाही. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांची इंग्लंडवर स्वारी झाली १०६६ साली. त्याच्या आधीच्या जुन्या इंग्रजीत साधारण ‘फ्रेन्चिश’ असा उच्चार असलेला शब्द रुळलेला होता. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला ‘फ्रँक’, हे एका जर्मानिक टोळीचं नाव. दुसरा ‘इश’, म्हणजे ‘त्यांचा, त्यांच्यातला’ असा अर्थ देणारा प्रत्यय. प्रत्ययातल्या ‘इ’मुळे आधीचा ‘अ’ ओढला जाऊन त्याचा ‘ए’ झाला. इंग्रजीत एका माणसाला ‘मॅन’ आणि अनेकांना ‘मेन’ म्हणतात, त्यामागेही हाच स्वरबदल आहे. पुढे प्रत्ययातला ‘इ’ गळाला, उरलेले ‘च’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळले आणि ‘फ्रेंच’ उरला. ‘स्कॉटिश’चं ‘स्कॉच’ असंच झालं, आणि ‘वेल्श’ही तसाच आखडलेला आहे. गंमत म्हणजे इतिहासकारांना त्या जुन्या टोळीसाठी वेगळं विशेषण हवं झालं, तेव्हा इंग्रजीने तेच दोन तुकडे पुन्हा जोडून ‘फ्रँकिश’ वापरात आणलं. ‘फ्रेंच’ आणि ‘फ्रँकिश’ या दोन शब्दांची घडण एकच आहे. एक झिजला, दुसरा कोरा राहिला.

हे फ्रँक लोक ऱ्हाइन नदीच्या काठचे. रोमन लेखनात ते तिसऱ्या शतकापासून दिसतात. पाचव्या शतकाच्या शेवटी क्लोव्हिस राजाच्या काळात त्यांनी गॉल प्रांताचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, मोठा भाग घेतला. त्यांची भाषा डचच्या जवळची, जर्मानिक होती. पण जिंकलेल्या प्रजेची लॅटिनच टिकली आणि काही पिढ्यांत जेतेही तीच बोलू लागले. भाषा गेली, नाव मात्र देशाला चिकटलं. म्हणून लॅटिनपासून निघालेल्या भाषेला आज जर्मानिक नाव आहे. जर्मन माणूस अजूनही फ्रान्सला ‘फ्रांकराइश’ म्हणतो, म्हणजे फ्रँकांचं राज्य. ‘फ्रँक’ या नावाचा अर्थ काय, याबद्दलचा जास्त मान्य तर्क भाल्याचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘फ्रांका’ म्हणजे फेकायचा भाला. शेजारच्या सॅक्सनांचं नावही त्यांच्या सुऱ्यावरूनच पडलेलं आहे, त्यामुळे हा तर्क पटण्याजोगा आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. ‘१०६६ साली नॉर्मन आले आणि मग इंग्लंडला फ्रेंच शब्द कळला’ असं सर्रास लिहिलं जातं. उलट, त्या काळचे इंग्रज स्वारी करणाऱ्यांनाच ‘फ्रेंच’ म्हणत होते. अँग्लो-सॅक्सन बखरीत तसा उल्लेख आहे, आणि या स्वारीची कथा सांगणाऱ्या बायोच्या प्रसिद्ध भरतकामावरही लढाईत पडलेल्यांना ‘अँग्ली’ आणि ‘फ्रांकी’ असंच म्हटलं आहे.

फ्रँक या मुळाचे बाकीचे वंशज पाहिले, तर मराठी वाचकाला ते ओळखीचे निघतील. गॉलमध्ये पूर्ण नागरी हक्क जेत्यांनाच होते, म्हणून ‘फ्रँक’चा अर्थ ‘स्वतंत्र, बंधन नसलेला’ असा झाला. त्यावरून मोकळेपणाने बोलणारा तो ‘फ्रँक’. राजाकडून मिळालेली मोकळीक किंवा हक्क तो ‘फ्रँचाइज’, म्हणजे वडापावच्या साखळी दुकानापासून आयपीएलच्या संघांपर्यंत चालणारी आपली ‘फ्रँचायझी’. खासदाराच्या सहीवर टपाल फुकट जाई, ते ‘फ्रँकिंग’. करारनाम्यावर मुद्रांक शुल्काचा लाल ठसा मारून घेताना आपण तोच शब्द वापरतो. धुपासाठीच्या ‘फ्रँकिन्सेन्स’मध्येही तोच आहे, फक्त तिथे ‘उत्तम प्रतीचा’ या अर्थाने. फ्रँक हे नाणं १३६० साली निघालं आणि त्यावर ‘फ्रँकांचा राजा’ अशी लॅटिन अक्षरं होती. ‘फ्रान्सिस’ या नावाचाही मूळ अर्थ फ्रँक किंवा फ्रेंच माणूस. असिसीच्या संताचं बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी होतं, ‘फ्रान्चेस्को’ हे नंतर पडलं. त्याच्यामुळे ते नाव ख्रिस्ती जगात पसरलं, आणि गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरपर्यंत आलं. झेवियर स्वतः नवारचे, पोर्तुगालच्या राजाने पाठवलेले, तरी नाव ‘फ्रेंच’.

आणि अर्थात ‘फिरंगी’. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी पश्चिम युरोपातून आलेल्या सगळ्यांनाच ‘इफ्रंज’ म्हटलं. फारसीत त्याचं ‘फरंगी’ झालं आणि तिथून ते मराठीत आलं. आपल्याकडे समुद्रावरून पहिले आले पोर्तुगीज, म्हणून मराठी कागदपत्रांत फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, आणि युरोपी पात्याची सरळ तलवार म्हणजे फिरंग. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपी लोकांची, नावं दिली आहेत: फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस, डिंगमार (डेन्मार्कचे). त्यात ‘फिरंगी’ आणि ‘फरासीस’ ही दोन वेगळी माणसं आहेत. पोर्तुगीज ते फिरंगी, फ्रेंच ते फरासीस. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, पण एक अरबी-फारसी वाटेने आलेला आणि दुसरा खुद्द फ्रान्सच्या नावावरून. जुने कागद वाचताना ‘फिरंगी’ दिसला की त्याचं ‘फ्रेंच’ करू नका. इंग्रजी अनुवादांत ही चूक झाली तर संदर्भच उलटापालटा होतो.

इथून वाईट अर्थांकडे वळू, कारण त्यांतला सर्वांत जुना अर्थ आपल्यापर्यंत पोचलेला आहे. १४९४-९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्सवर चालून गेला. त्याच सुमारास युरोपात उपदंशाची (सिफिलिसची) भयंकर साथ उसळली. इटालियन लोकांनी तिला ‘फ्रेंच रोग’ म्हटलं, फ्रेंचांनी ‘नेपल्सचा रोग’, आणि इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ‘फ्रेंच पॉक्स’ आलं. भारतात हा रोग पोर्तुगिजांबरोबर आला. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याचं नाव आहे ‘फिरंगरोग’, आणि त्यावर चोपचिनीचा उपचार दिला आहे. म्हणजे लंडनमध्ये जे नाव पडलं, त्याच मुळाचं नाव भारतातही पडलं, फक्त दोष दुसऱ्याच्या माथी गेला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या इंग्रजी नाटकांत ‘फ्रेंच क्राउन’वर विनोद असतात. वरवर ते नाणं, आतून उपदंशाने पडलेलं टक्कल. हे माहीत नसेल तर तिथला हशा कळतच नाही.

शेजारी, शत्रू आणि फॅशनचा गुरू अशी तिन्ही नाती एकाच देशाशी असली की भाषेत असंच होतं. शंभर वर्षांचं युद्ध १४५३ ला संपलं, तरी १८१५ पर्यंत इंग्रज-फ्रेंच लढायांना खंड नव्हता. शरीरसंबंध, शिव्या, बेशिस्त हे सगळं पलीकडच्या किनाऱ्यावर ढकललं गेलं. ‘फ्रेंच लेटर’ म्हणजे निरोध, हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसतो. फ्रेंचमध्ये त्याच वस्तूचं जुनं बोलीतलं नाव आहे ‘कापोत आंग्लेझ’, म्हणजे इंग्रजी झगा. जुन्या कादंबरीच्या अनुवादात कुणी त्याचं ‘फ्रेंच पत्र’ केलं तर प्रसंग हास्यास्पद होतो. ‘फ्रेंच किस’ हा जीभ लावून घेतलेल्या चुंबनाचा अर्थ मात्र बराच अलीकडचा, १९२० च्या दशकातला.

‘फ्रेंच लीव्ह’ अठराव्या शतकातलं. मेजवानीतून यजमानाचा निरोप न घेता निघून जाण्याची फ्रान्समध्ये रीत आहे, असा इंग्रजांचा समज होता. फ्रेंच माणूस हेच करतो तेव्हा म्हणतो ‘फिले आ लांग्लेझ’, म्हणजे इंग्रजी पद्धतीने सटकणं. पुढे सैन्यात आणि कचेऱ्यांत परवानगीशिवाय गैरहजर राहणं, असा अर्थ झाला. मराठीत प्रसंग पाहून शब्द निवडावा. पार्टीतून गेला असेल तर ‘न सांगता सटकला’, कामावर आला नसेल तर ‘दांडी मारली’, सरकारी पत्र असेल तर ‘विनापरवानगी गैरहजर’. ‘फ्रेंच रजा’ हा शब्दप्रयोग मराठीत कुणालाच काही सांगत नाही.

‘पार्डन माय फ्रेंच’ची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण सुरुवातीला ती माफी खरी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी बोलता बोलता कुणी एखादा ठेवणीतला फ्रेंच शब्द टाकायचा, समोरच्याला तो कळेल की नाही याची खात्री नसायची, म्हणून ‘माझ्या फ्रेंचबद्दल माफ करा’. शतक संपेपर्यंत लोक शिवी हासडून वर तेच म्हणायला लागले, जणू तो परकी भाषेतला शब्द होता. चित्रपटांच्या उपशीर्षकांत ‘माझ्या फ्रेंचला माफ करा’ हे अजून दिसतं. पात्र नुकतंच शिवी देऊन बसलेलं असतं आणि फ्रेंचचा कुठे पत्ता नसतो. तिथे ‘तोंडातून गेलं, माफ करा’ एवढं पुरे.

आता मानाची बाजू. शिवणकाम, लाकूडकाम, स्वयंपाक या कलांत इंग्रजीतलं ‘फ्रेंच’ म्हणजे ‘नाजूक, सफाईदार, वरच्या दर्जाचं’. यातलं फ्रेंच सीम हे माझ्या मते सगळ्यांत बोलकं उदाहरण आहे. व्हॉइल, ऑर्गंडी, शिफॉन अशा विरविरीत कापडाच्या कडा उसवू नयेत आणि आतूनही दिसू नयेत म्हणून ही दुहेरी शिलाई. पंधरा मिलिमीटर माया (शिलाईच्या बाहेरचं जादा कापड) सोडलेली असेल तर नेहमीच्या उलट सुरुवात करायची. कापडाच्या उलट बाजू एकमेकींवर ठेवून कडेपासून ६ मिलिमीटरवर पहिली शिलाई मारायची. मग माया ३ मिलिमीटरपर्यंत छाटायची, इस्त्री करायची, कापड पलटून सुलट बाजू आत घ्यायच्या आणि घडीपासून ९ मिलिमीटरवर दुसरी शिलाई. सहा आणि नऊ मिळून पंधरा, म्हणून मापात फरक पडत नाही. पहिल्यांदा छाटायचा कंटाळा केला की दुसऱ्या शिलाईतून दोऱ्यांची दाढी बाहेर येते. मुंढ्याच्या गोलाईवर ही शिलाई घातली की चुण्या पडतात, जाड कापडावर दोरीसारखा उंचवटा येतो. आणि या शिलाईचं फ्रेंच नाव? ‘कुत्यूर आंग्लेझ’, इंग्रजी शिलाई. दोन्हीकडच्या शिवणवर्गांत तीच शिलाई शिकवतात आणि श्रेय समोरच्याला देतात. शिव्यांसारखंच, फक्त या वेळी कौतुकाने.

फ्रेंच कफ हा दुमडून कफलिंक लावायचा कफ. फ्रान्समध्ये त्याला मस्केटियरांचा, म्हणजे जुन्या बंदूकधारी सैनिकांचा, कफ म्हणतात. फ्रेंच विंडो म्हणजे जमिनीपर्यंत उतरलेली, दारासारखी उघडणारी दुपाखी खिडकी. तिथे तिला नुसतं ‘दार-खिडकी’ म्हणतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या पेटीत असणाऱ्या फ्रेंच कर्व्हला तिकडे ‘पिस्तोले’, आकारावरून. केसांची फ्रेंच प्लेट ही आपली सागरवेणी, आणि ती करायला फ्रान्सचं नाव घ्यायची मराठीला कधीच गरज पडली नाही.

फ्रेंच पॉलिशबद्दल जरा थांबतो, कारण हा शब्द आपल्याकडच्या सुताराच्या तोंडी रोज असतो आणि त्यातला मुख्य माल भारतातला आहे. इंग्लंडमध्ये हे नाव नेपोलियनची युद्धं संपल्यानंतर, १८२० च्या आसपास रुळलं. फ्रेंचमध्ये याला म्हणतात ‘बोळ्याने लावलेलं रोगण’, आणि ते नाव कृतीला जास्त प्रामाणिक आहे. चपडा लाख साधारण २०० ते २५० ग्रॅम एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, मधूनमधून हलवायची आणि फडक्यातून गाळायची. कापसाचा बोळा धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात गुंडाळायचा, आत द्रावण मुरवायचं, बाहेरून जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. तेल नसेल तर बोळा लाकडाला चिकटतो, जास्त झालं तर थर तेलकट राहून चमक दबते. हात आधी गोल, मग इंग्रजी आठच्या आकारात, शेवटी रेषांच्या दिशेने सरळ. बोळा लाकडावर कधीच थांबवायचा नाही, कारण ताजं स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि बोळ्याचा ठसा उमटतो. पावसाळ्यात हे काम टाळतात त्याचं कारण असं: स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थरात अडकून पांढरट धुरकटपणा येतो. आणखी एक, दुकानात ‘फ्रेंच पॉलिश’ सांगून पुष्कळदा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा लॅकर मारलेलं असतं. आत न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा लावून पाहा. थर चिकट होऊन निघाला तर लाख, नाहीतर दुसरं काही. ‘लॅक’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘लाक्षा’वरून गेलेला आहे, तेव्हा या नावात ‘फ्रेंच’ फक्त हाताची लकब आहे.

फ्रेंच चॉक मात्र पहिल्या खुणेला अपवाद म्हणता येईल. हा खडू नाहीच, हे शंखजिरं. शिंप्याच्या खुणेसाठी आणि सायकलची ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून वापरतात. फ्रेंचमध्ये त्याला आल्प्समधल्या ब्रियांसोन गावाचं नाव आहे, त्यामुळे इथे फ्रान्सचा संबंध मातीतूनच आलेला. बुद्धिबळातल्या फ्रेंच बचावालाही असाच पक्का दाखला आहे. १८३४ साली सुरू झालेल्या लंडन-पॅरिस पत्रसामन्यात पॅरिसने राजापुढचं प्यादं एकच घर सरकवून उत्तर दिलं आणि जिंकलं, तिथून ते नाव. फ्रेंच हॉर्नचं उलट आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या शिकारी तुतारीवरून नाव पडलं, पण आज वाद्यवृंदात वाजतो तो दुहेरी नळ्यांचा प्रकार जर्मनीत, १८९७ च्या सुमारास घडला. वादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७१ साली नुसतं ‘हॉर्न’ म्हणावं अशी शिफारस केली. बाहेरच्यांनी ऐकली नाही.

स्वयंपाकघरात दंतकथांचा सुळसुळाट आहे, आणि त्या तपासायचा मार्ग एकच: गोष्टीतलं साल आणि शब्दाची पहिली छापील नोंद शेजारी ठेवायची. फ्रेंच टोस्ट अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या जोसेफ फ्रेंच नावाच्या खानावळवाल्याने १७२४ साली काढला, असं सांगतात. पण हे नाव १६६० साली लंडनमध्ये छापलेल्या रॉबर्ट मे यांच्या पाककृतींच्या पुस्तकात आहे. तिथे भाजलेला पाव वाइन, साखर आणि संत्र्याच्या रसात भिजवला आहे, अंडं नाही. गोष्ट तिथेच संपली. पदार्थ त्याहून कितीतरी जुना, रोमन काळापासूनचा. फ्रान्समध्ये त्याचं नाव ‘पँ पेर्द्यू’, वाया गेलेला पाव. शिळ्या पावाचं सार्थक करायचा पदार्थ म्हटल्यावर तेच नाव बरोबर. आपल्याकडे तिखट-मीठ, कांदा-मिरची घालून होतो तोही फ्रेंच टोस्टच म्हणवतो, आणि मराठीत तो शब्द इतका मुरला आहे की बदलू नये.

फ्रेंच फ्राइजबद्दल सांगतात की पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी फ्रेंच बोलणाऱ्या बेल्जियमच्या सैनिकांकडे ते खाल्ले. पण ‘फ्रेंच फ्राइड पोटॅटोज’ हा शब्द १८५६ च्या एका इंग्रजी पाकपुस्तकात आहे. दुसरा तर्क असा की ‘फ्रेंच करणं’ म्हणजे उभे पातळ तुकडे करणं, त्यावरून नाव. ते क्रियापद खरं आहे, पण नंतरचं. मूळ अर्थ ‘फ्रेंच पद्धतीने तळलेले’, म्हणजे भरपूर तेलात बुडवून. २००३ च्या मार्चमध्ये इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला म्हणून अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहाने त्यांचं ‘फ्रीडम फ्राइज’ केलं. २००६ पर्यंत जुनं नाव गुपचूप परतलं होतं.

ते क्रियापद पाककृतींत दोन अर्थांनी येतं. शेंगा ‘फ्रेंच’ करायच्या म्हणजे लांबीत चिरून काड्या करायच्या. मटणाच्या चापा ‘फ्रेंच’ करायच्या म्हणजे हाडाच्या टोकावरचं तीन-चार सेंटिमीटर मांस आणि चरबी खरवडून हाड स्वच्छ उघडं करायचं. मराठीत अनुक्रमे ‘उभ्या चिरा’ आणि ‘हाडाचं टोक सोलून घ्या’ असं लिहिलं की काम झालं. शेंगांवरून आठवलं, फ्रेंच बीन्स हे पीक मूळचं अमेरिका खंडातलं. सोळाव्या शतकात ते युरोपात आलं, आणि इंग्रजांना बहुधा खाडीपलीकडून मिळालं म्हणून फ्रेंच. तोच इंग्रजी शब्द आपल्याकडे येऊन ‘फरसबी’ झाला, आणि बाजारात कुणाला त्यात फ्रान्स दिसत नाही. श्रावणघेवडाही म्हणतात.

फ्रेंच ड्रेसिंग मागताना देश पाहा. ब्रिटनमध्ये तेल आणि व्हिनेगरचं साधं मिश्रण मिळेल, अमेरिकेत केशरी, गोडसर, टोमॅटोचं. अमेरिकेत तर १९५० पासून त्याची सरकारी व्याख्या होती, वजनाने किमान ३५ टक्के वनस्पती तेल हवं अशी. ती २०२२ च्या जानेवारीत रद्द झाली. ‘फ्रेंच व्हॅनिला’तल्या फ्रेंचचा अर्थ अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड. अमेरिकन नियमांत ‘फ्रेंच आइस्क्रीम’ला बलकाचा घन अंश किमान १.४ टक्के लागतो. डब्यावर ते नाव असेल आणि घटकांत अंडं नसेल, तर तो नुसता सुवास समजा. शाकाहारी मंडळींनी उलट बाजूनेही हे लक्षात ठेवावं.

काही ठिकाणी ‘फ्रेंच’ हे चक्क आडनाव असतं. अमेरिकन दुकानांतली पिवळी ‘फ्रेंचेस’ मोहरी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या फ्रेंच कुटुंबाची, १९०४ पासूनची. २००३ च्या त्या बहिष्काराच्या वातावरणात कंपनीला हे जाहीर सांगावं लागलं. फ्रेंच ड्रेनचं नावही आडनावावरून सांगितलं जातं. मॅसॅच्युसेट्सच्या कॉन्कर्डचे हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहून हा चर लोकप्रिय केला. चर खणायचा, दर शंभर फुटांना एक फूट उतार द्यायचा, जिओटेक्स्टाइल (पाणी गाळून घेणारं कापड) अंथरून धुतलेली खडी भरायची आणि आत सच्छिद्र पाइप ठेवायचा, भोकं खाली करून. भोकं वर ठेवली तर पाणी पाइपच्या माथ्यापर्यंत चढल्याशिवाय आत जात नाही. कापड वगळलं तर काही पावसाळ्यांत गाळाने खडी बुजते. मराठीत याला ‘खडीचा चर’ म्हणा, कुठल्याही शेतकऱ्याला कळेल.

‘फ्रेंच कट दाढी’ किंवा ‘फ्रेंच बिअर्ड’ ही भारतीय इंग्रजीची देणगी. लंडनच्या न्हाव्याला तसं सांगितलं तर तो बुचकळ्यात पडेल. तिथे ‘गोटी’ म्हणा.

शेवटी वापरातल्या चार चुका, कारण आपल्याकडे त्या फार होतात. ‘ही इज अ फ्रेंच’ चूक, ‘ही इज फ्रेंच’ किंवा ‘अ फ्रेंचमन’ बरोबर. ‘इंग्लिश’ला आणि ‘डच’लाही हाच नियम. ‘द फ्रेंच’ म्हणजे सगळे फ्रेंच लोक, आणि त्यापुढे क्रियापद अनेकवचनी. भाषेच्या अर्थाने मात्र आधी ‘द’ लागत नाही, पुढे ‘लँग्वेज’ जोडलं तरच लागतं. ‘फ्रेंच टीचर’मध्ये जोर ‘फ्रेंच’वर दिला तर फ्रेंच भाषा शिकवणारी बाई, ‘टीचर’वर दिला तर फ्रान्सची शिक्षिका. बोलताना फरक स्पष्ट असतो, लिहिताना संदर्भावरून ठरवावा लागतो. भाषा आणि लोक यांसाठी पहिलं अक्षर कायम मोठं. ‘फ्राइज’सारख्या शब्दांत काही अमेरिकन संपादकीय नियमावल्या छोटं अक्षर पसंत करतात आणि क्रियापद तर छोट्यानेच लिहितात.

जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचत असाल तर आणखी दोन अर्थ लागतील. समुद्रावरच्या गोष्टीत ‘अ फ्रेंचमन’ क्षितिजावर दिसला, तर तो माणूस नसून फ्रेंच जहाज असतं. आणि लंडनच्या बारमध्ये कुणी ‘जिन अँड फ्रेंच’ मागितली, तर तिथे ‘फ्रेंच’ म्हणजे कोरडी व्हर्मूथ, ही वनौषधी घातलेली वाइन. गोड हवी असेल तर ‘जिन अँड इट’, ते ‘इट’ इटालियनचं आखूड रूप.